बाळाच्या गळ्यातला वाघ

१/
कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीचे म्हणून ओळखले जाते. गावात खाण नाही. चांदी बाहेरून येते, इथे आटते, तिची तार ओढली जाते, ठशावर पत्रा उमटतो, सांधे झाळले जातात, आणि घरोघरी वाटून घेतलेल्या कामातून पैंजण, जोडवी, वाळे, करदोडे घडून दूरदूरच्या पेठांत जातात. यांपैकी वाळे आणि करदोडा ज्याच्या अंगावर चढतात, त्याला अजून बोलताही येत नसते. आजचा धागा या तान्ह्या गिऱ्हाइकाच्या एका विलक्षण लेण्याविषयी आहे.

२/
ते लेणे म्हणजे वाघनख. वाघाची दोन नखे बुडाशी जोडायची, जोडावर सोन्याची वा चांदीची टोपी चढवायची, वर कडी लावायची आणि काळ्या दोऱ्यात ओवून बाळाच्या गळ्यात बांधायची. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांत ही चाल होती. आता प्रश्न असा की, ज्या प्राण्याच्या नुसत्या चाहुलीने गाव दारे लावून घेत असे, त्याचेच नख आपल्या सर्वांत दुबळ्या जिवाच्या गळ्यात लोकांनी का बांधले असेल?

३/
प्रथम एक घोटाळा दूर करू. ‘वाघनख’ या नावाचे एक शस्त्रही आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीत छत्रपती शिवाजी महाराजांनी ते वापरल्याचे सभासदाची बखर सांगते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात प्रदर्शित झाली, तेव्हा हा शब्द घराघरात पोहोचला. ते शस्त्र पोलादाचे, मुठीत लपणारे. आपला विषय मात्र आईने बाळाला घातलेल्या खऱ्या नखाचा आहे, आणि त्याचा इतिहास या शस्त्राच्या प्रसिद्धीहून कितीतरी जुना आहे.

४/
किती जुना? सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरित’ लिहिले. त्यात बालवयातील हर्षाचे वर्णन करताना त्याच्या गळ्यातील, सोन्यात गुंफलेल्या मोठमोठ्या वाघनखांच्या ओळीचा उल्लेख येतो. पुढे उत्तर भारताचा सम्राट झालेला हा मुलगा रांगत्या वयात वाघनखे मिरवीत होता, असे त्याच्या दरबारी कवीला सांगावेसे वाटले. संस्कृतात या लेण्याला ‘व्याघ्रनख’ असे नाव होते. म्हणजे ही चाल किमान तेराशे वर्षांची, आणि ती राजवाड्यातही रुजलेली होती.

५/
साहित्याबाहेरही पुरावा आहे. गुप्तकालीन शिल्पांत कार्तिकेय बालरूपात असतो, तेव्हा त्याच्या गळ्यात व्याघ्रनखांचा हार दिसतो. देवांचा सेनापती झाला तरी तो कुणाचा तरी मुलगा आहे, हे शिल्पकार त्या हारातून सुचवतो. दक्षिणेत प्राचीन तमिळ संगम साहित्यात मुलांच्या गळ्यातील वाघदातांच्या ताळीचे उल्लेख सापडतात. सोळाव्या शतकात तुलसीदासांनीही बालरामाच्या छातीवर असेच नख शोभवले. नख असो वा दात, प्रांत आणि भाषा बदलल्या तरी बाळ आणि वाघ यांची जोडी सुटत नाही.

६/
ही जोडी समजून घ्यायची तर त्या काळातील पाळण्याकडे पाहावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी दोनशेच्या आसपास बालके पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वीच दगावत असत. त्याआधीच्या शतकांची स्थिती याहून बरी असण्याचे कारण नाही. देवी, पटकी, धनुर्वात, हगवण, ताप. प्रत्येक घरात एखादा पाळणा रिकामा झालेला असे. आज आपण बाळाला शुभेच्छा देतो, तेव्हा त्याचे पुढे काय होईल हे मनात असते. तेव्हाच्या शुभेच्छेत ते जगेल का, एवढाच प्रश्न होता.

७/
मृत्यूशी झगडण्याच्या दोन युक्त्या लोकांनी शोधल्या. पहिली लपवण्याची. आधीची मुले गेली असतील तर पुढच्या मुलाचे नाव मुद्दाम हलके ठेवायचे: दगडू, धोंडू, केरू, भिकाजी. जो दगड आहे, केर आहे, भिकेत मिळालेला आहे, त्याच्याकडे मृत्यू कशाला वळून पाहील? आपल्या जुन्या वंशावळी चाळून पाहा. अशा प्रत्येक नावामागे बहुधा एखाद्या भावंडाचे न नोंदलेले मरण उभे असते. इतिहासाच्या अभ्यासकाने ही नावे हसण्यावारी नेऊ नयेत.

८/
दुसरी युक्ती याच्या नेमकी उलट, मुलाला सशस्त्र करण्याची. ज्याला सारे भितात त्याचे नख बाळाच्या गळ्यात असेल, तर दृष्ट, भूतबाधा आणि आजार त्यालाच भितील. खंडोबाच्या उपासनेतही हाच धागा दिसतो. मूल व्हावे, झालेले जगावे म्हणून नवस बोलला जाई आणि ते मूल देवाला वाहून ‘वाघ्या’ केले जाई. वाघ्यांच्या गळ्यातील भंडाऱ्याची पिशवी पूर्वी वाघाच्या कातड्याची असे. एकाच गावात, कधी एकाच घरात, एक भाऊ धोंडू आणि दुसरा वाघ्या असू शकत होता.

९/
इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे लोक वाघाला चित्रातून ओळखत नव्हते. घाटवाटांवर ‘वाघजाई’ची ठाणी आहेत, वरंध घाटातील वाघजाई प्रसिद्धच आहे. वाघोली, वाघापूर अशी गावे आहेत, वाघ, वाघमारे, वाघमोडे अशी आडनावे आहेत. आणि ‘वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो’ ही म्हण आहे. आदरार्थी बोलल्याने वाघ सोडत नाही, हे अनुभवाचे बोल आहेत. ज्यांनी ही म्हण घडवली, त्यांनीच वाघनखही घडवले.

१०/
म्हण काही म्हणो, ‘वाघोबा’ म्हणणे लोकांनी सोडले नाही. दिवाळीच्या तोंडावर आश्विन वद्य द्वादशीला बहुतेक महाराष्ट्र वसुबारस साजरी करतो आणि गाय-वासराची पूजा करतो. त्याच दिवशी सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात ‘वाघबारस’ असते. तिथे पूजा गाईला खाणाऱ्याची होते. गुराख्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही. गाय वाचवायची असेल तर बोलणी वाघाशीच करावी लागतात.

११/
पालघर-ठाण्याच्या वारली समाजात वाघोबाची ठाणी आजही जागती आहेत. दगडी वा लाकडी फळीवर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले असतात; बिबट्या आणि वाघ दोघेही ‘वाघोबा’च. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा सुमारे १५० ठाण्यांची नोंद झाली. तिथल्या कथेच्या एका रूपात वाघोबा हा एका स्त्रीचाच मुलगा असतो. गाव त्याच्यावर उठते, तेव्हा आई मध्ये पडते आणि करार घडवते: त्याने रानात राहावे, गावाने ठाणे बांधून वर्षातून एकदा त्याचा मान द्यावा. इथेही वाघ आणि गाव यांच्यामध्ये आईच उभी आहे.

१२/
आपल्याकडे या भावनेने लेणे, नवस, ठाणे अशी रूपे घेतली. बोलीतही ती उतरली. मुलाला ‘वाघाचा बच्चा’, मुलीला ‘वाघीण’, धीट माणसाला ‘वाघाच्या काळजाचा’ म्हणतात. पण वाघाला शुभेच्छेच्या भाषेत सर्वांत पद्धतशीरपणे बसवले ते चीनने. तिथे बारा वर्षांच्या राशिचक्रात एक वर्ष वाघाचेच असते. तेव्हा थोडे उत्तरेकडे वळू आणि त्या आरशात आपले वाघनख कसे दिसते ते पाहू.

१३/
१ फेब्रुवारी २०२२ रोजी चीनमध्ये व्याघ्रवर्ष सुरू झाले. त्या दिवशी लोकांनी एकमेकांना चार अक्षरी शुभवचने पाठवली. ‘हू हू शेंग वेइ’: वाघासारखा दरारा लाभो. ‘शेंग लोंग हुओ हू’: जिवंत ड्रॅगन आणि सळसळत्या वाघासारखे चैतन्य लाभो. ‘रु हू थिएन यी’: वाघाला पंख फुटावेत तसे तुमचे बळ वाढो. चिनी भाषेत वाघ म्हणजे ‘हू’ आणि सौभाग्य म्हणजे ‘फू’. उच्चार जवळचे असल्याने शब्दखेळालाही ऊत येतो.

१४/
पण चिनी वाघाचे जुने घर शुभेच्छापत्रात नसून पाळण्यात आहे. आई-आजी बाळासाठी वाघाच्या तोंडाची टोपी आणि वाघाच्या तोंडाचे कापडी जोडे शिवत. वाघाच्या कपाळावर ‘वांग’ म्हणजे ‘राजा’ हे अक्षर भरतकामाने काढत, कारण वाघाच्या कपाळावरील पट्टे त्या अक्षरासारखे दिसतात. गुटगुटीत मुलाला कौतुकाने ‘हू थोउ हू नाओ’, वाघाच्या डोक्याचा, असे म्हणतात. आणि याच समाजात मुलाला ‘कौशेंग’ म्हणजे ‘कुत्र्याने टाकलेले’ असे हलके नाव ठेवण्याचीही चाल होती. धोंडू आणि वाघ्या तिथेही शेजारी शेजारी नांदत होते.

१५/
दुसऱ्या शतकात यिंग शाओ या विद्वान अधिकाऱ्याने आपल्या काळातील चालीरीतींवर एक ग्रंथ लिहिला. वर्षाच्या अखेरीस दारांवर वाघाचे चित्र काढण्याची प्रथा त्यात येते. कारणही दिलेले आहे. वाघ हा सर्व पशूंचा अग्रणी, तो भुताखेतांना खाऊन टाकतो. त्याच जागी वाघाचे नख बांधल्याने अनिष्ट टळते, अशा लोकसमजुतीचाही उल्लेख आहे. बाणभट्टाच्या सुमारे पाचशे वर्षे आधी, हिमालयापलीकडे, हेच नख आणि हीच आशा.

१६/
आता ‘पंख फुटलेला वाघ’ पुन्हा पाहू. आज ही शुभेच्छा आहे. पण इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ हान फेइ याच्या ग्रंथात हीच प्रतिमा इशारा म्हणून येते. वाघाला पंख देऊ नयेत, नाहीतर तो उडत गावात शिरेल आणि माणसे निवडून निवडून खाईल, असा त्याचा आशय आहे. दुष्टाच्या हाती सत्ता देऊ नये, हे त्यातून सांगायचे आहे. एकाच प्रतिमेने धाक आणि शुभेच्छा अशी दोन्ही कामे केली, कारण वाघाचे बळ तेच होते. ते कुणाच्या बाजूचे, एवढाच फरक होता.

१७/
वाघाची खरी दहशत कन्फ्यूशियसच्या एका कथेत दिसते. थाइ पर्वताजवळ एक स्त्री कबरीपाशी रडत होती. तिचा सासरा, मग नवरा आणि आता मुलगा वाघाने मारला होता. मग हा प्रदेश का सोडत नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली की इथे जुलमी राजवट नाही. जुलमी राजवट वाघाहून भयंकर, ही म्हण त्यातून आली. वाघ हे दुःखाचे परिमाण होते. त्याहून वाईट काय, हे सांगायलाही आधी वाघच आठवावा लागे.

१८/
मग ही चाल चीनमधून इकडे आली, की इथून तिकडे गेली? इतिहासप्रेमींना हा मोह होतोच. साम्य दिसले की लगेच व्यापारी मार्ग आखले जातात. मात्र साम्य हा संपर्काचा पुरावा होत नाही. दोन्हीकडे रानात वाघ होता, दोन्हीकडे पाळणे रिकामे होत होते, आणि दोन्हीकडच्या आयांना एकच प्रश्न पडला होता. सारख्या संकटातून सारखे उत्तर निघू शकते. स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत एवढ्यावरच थांबणे हे शहाणपणाचे.

१९/
एकोणिसाव्या शतकात या नखाचा अर्थ पालटला. बंदूक आली, शिकार हा संस्थानिकांचा आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचा मानाचा खेळ ठरला, वाघाच्या डोक्यावर सरकारी बक्षिसे लागली. सोन्यात जडवलेल्या वाघनखांच्या ब्रूच आणि हारांची व्हिक्टोरियन स्त्रियांत आवड वाढली. बाळाचे संरक्षक लेणे आता शिकाऱ्याच्या विजयाची खूण झाले. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या काळात भारतात ८०,००० हून अधिक वाघ मारले गेले. एका वाघाच्या चार पायांना मिळून नखे १८ असतात.

२०/
स्वातंत्र्यानंतरही शिकार थांबली नाही. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ उरल्याचे दिसले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला; १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि वाघ राष्ट्रीय प्राणी ठरला. चीनची कथा अधिक खिन्न करणारी आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण चिनी वाघ सुमारे ४,००० असावेत असा अंदाज दिला जातो. उपद्रवी पशू ठरवून त्यांची सरसकट शिकार झाली, संरक्षण मिळेपर्यंत उशीर झाला, आणि आज तो वाघ रानात जवळजवळ नाहीसा मानला जातो. टोप्यांवर आणि शुभवचनांत मात्र तो तसाच डरकाळतो.

२१/
भारतात आज खरे वाघनख गळ्यात घालणे हा गुन्हा आहे. वाघ कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. अशा गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. ‘आजोबांचे आहे’ हा बचाव पुरेसा नाही. जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी २००३ च्या नियमांनी १८० दिवसांची मुदत दिली होती. मालकीचे प्रमाणपत्र असले तरी वस्तू विकता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कर्नाटकात दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमाच्या स्पर्धकाला अशाच लोलकामुळे अटक झाली. घरातील जुन्या पेटीत असे काही सापडल्यास समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकण्याआधी वनविभागाकडे चौकशी करावी.

२२/
बाजारात ‘अस्सल’ म्हणून मिळणारी पुष्कळ नखे गुरांच्या शिंगाची, खुरांची वा प्लॅस्टिकची निघतात. मग बिघडले कुठे, असे वाटेल. बिघडते ते असे: नकली नख खरे म्हणून विकले जाते, तेव्हा ‘खरे हवे’ ही इच्छाही सोबत विकली जाते, आणि त्या इच्छेच्या दुसऱ्या टोकाला रानातील फासे असतात. २०२२ च्या गणनेनुसार भारतात सरासरी ३,६८२ वाघ आहेत, त्यांतील ४४४ महाराष्ट्रात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यालाही स्पर्श करणारा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये घोषित झाला.

२३/
लेण्याबरोबर शुभेच्छाही बदलली. चौकातील वाढदिवसाचे फलक पाहा. तिशीतल्या धडधाकट माणसामागे डरकाळी फोडणारा वाघ असतो आणि खाली ‘ढाण्या वाघ’ असे बिरुद. बाणभट्टाच्या काळी वाघ दुबळ्याला दिला जात असे, आता तो बलवानाने स्वतः घेतला आहे. तेव्हा ते नख एका भ्यालेल्या आईची प्रार्थना होते. आज तो इतरांना भिववण्याचा इशारा झाला आहे. म्हणजे पंख फुटलेल्या वाघाचा प्रवास आपण उलट दिशेने केला: शुभेच्छेकडून धाकाकडे.

२४/
हुपरीच्या चांदीकडे पुन्हा येऊ ते यासाठीच. आज चांदीची घडवलेली वाघनखे मिळतात; ठशातून उतरलेली, टोकाला गोल केलेली, म्हणजे बाळाला बोचू नयेत. काहींना ती नकली वाटतील. पण चीनच्या आजीने वाघ कापडात शिवला, यिंग शाओच्या काळी तो दारावर रंगवला गेला, वारल्यांनी फळीवर कोरला. त्यांना मेलेल्या वाघाची गरज भासली नाही. चांदीचे नख त्याच परंपरेत बसते. त्यात आईची इच्छा सगळी येते, आणि रानातल्या वाघाची अठराही नखे त्याच्याच पायांवर राहतात.

२५/
शेवटी एक विनंती. घरातील वृद्धांना विचारा: तुमच्या गळ्यात लहानपणी काय बांधले होते? वाघनख, ताईत, दृष्टमणी, की काहीच नाही? घराण्यात धोंडू, केरू, दगडू कोण होते, आणि त्यांच्याआधी कोण जन्मले होते? उत्तरे लिहून ठेवा. सम्राट हर्षाच्या गळ्यातील लेण्याची नोंद बाणभट्टाने ठेवली. आपल्या पणजीच्या गळ्यातील लेण्याची नोंद ठेवणारे आपल्यावाचून दुसरे कोणी नाही.